मद्रास नावाची शाळा आणि तिच्या वाटेवरची गावं

"मद्रासला टाकलं? एवढ्याशा पोराला? आणि मला आत्ता सांगताय?"

हा प्रश्न माझ्या मावशीचा, साताऱ्याहून. मावसबहिणीनं फॅमिली ग्रुपवर एवढंच टाकलं होतं: 'ऑगस्टपासून चिरंजीव मद्रासला.' ती राहते स्कॉटलंडमध्ये, फाइफ परगण्यात, गार्डब्रिज नावाच्या खेड्यात. मावशीचा समज असा झाला की लेकीनं नातवाला चेन्नईच्या कुठल्यातरी वसतिगृहात धाडलं. मग व्हिडिओ कॉल, अर्धा तास, समजुतीचा कार्यक्रम. मावशी तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती, त्यामुळे तिचे प्रश्न भलतेच नेमके होते. शाळेला मद्रास का म्हणतात? ती कॉलेज आहे की शाळा? प्रवेश कसा मिळाला, किती पैसे लागले? पोरगं कितवीत आहे? बहिणीला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मला आली, कारण या शाळेच्या इतिहासाच्या मागे मी आधीपासून लागलो होतो. तर मावशीच्याच क्रमानं जाऊ.

वाळूत बोट फिरवणारी पोरं

मद्रास कॉलेज ही सेंट अँड्र्यूज या गावातली सरकारी माध्यमिक शाळा. गावाची वस्ती सतरा-अठरा हजारांच्या आसपास, त्यात विद्यापीठाची मुलंच भरपूर. जगात हे गाव ओळखलं जातं ते गोल्फसाठी आणि सहाशे वर्षं जुन्या विद्यापीठासाठी. याच गावात १७५३ मध्ये अँड्र्यू बेलचा जन्म झाला. वडील न्हावी, केसांचे टोपही बनवायचे. पोरगा विद्यापीठात शिकला, काही वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियात शिकवण्या केल्या, परत येऊन पाद्री झाला आणि १७८७ मध्ये नशीब काढायला मद्रासला पोचला. तिथं त्यानं एकाच वेळी अनेक पलटणींचं धर्मगुरूपद पदरात पाडून घेतलं. प्रत्येकाचा पगार वेगळा. हा माणूस पैशाच्या बाबतीत कधीच भोळा नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

१७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात एक अनाथाश्रम सुरू झाला. गोऱ्या सैनिकांना इथल्या बायकांपासून झालेली, बाप मेलेली किंवा सोडून गेलेली मुलं त्यात ठेवली जायची. बेल त्याचा अधीक्षक झाला. या कामाचा पगार मात्र त्यानं घेतला नाही. मुलं खूप, शिक्षक मोजके आणि तेही कंटाळलेले. एका सकाळी घोड्यावरून जाताना त्याला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटानं अक्षरं काढत होती. त्या काळी मद्रासेतले इंग्रज तमिळ लोकांना सरसकट 'मलबारी' म्हणत, म्हणून बेलच्या लिखाणात ती 'मलबार शाळा' आहे.

बेलनं आश्रमात येऊन शिक्षकांना सांगितलं, कागद-शाई नको, वाळू आणा. शिक्षकांनी नाक मुरडलं. हे जमणार नाही म्हणाले. मग बेलनं शिक्षकांना बाजूला सारलं आणि जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर बाराखडीचा वर्ग सोपवला. मोठ्यांना जे जमत नव्हतं ते त्या पोरानं करून दाखवलं. मग काय, वर्गावर वर्ग मुलांच्याच हाती गेले. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याला शिकवायचं, वरून एका मास्तरानं लक्ष ठेवायचं.

मावशी इथे थांबली. "अरे, पण हे तर आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत चालायचंच की!"

बरोबर. धूळपाटी म्हणजे दुसरं काय होतं? लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तीत बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्दप्रयोग आपण आजही वापरतो. ती धूळ कुठली, हे मात्र कुणाला आठवत नाही. पंतोजी एक, मुलं चाळीस, मग मोठी मुलं धाकट्यांकडून पाढे आणि पावकी-निमकी घोकून घेणार, हे ओघानंच आलं. त्याआधीचा दाखलाही आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये कर्नाटकात इक्केरीच्या वाटेवर असताना त्यानं चार मुलं पाहिली. गुरुजी नाहीत, जमिनीवर बारीक वाळू पसरलेली, मुलं सुरात अंक म्हणतात आणि म्हणता म्हणता बोटानं लिहितात. बेलच्या दीडशे वर्षं आधी. बेलनं वाळूचं श्रेय त्या शाळेला दिलं, पण मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना मात्र आपलीच असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. मला तरी ते पटत नाही. त्यानं पद्धत शोधली नाही, तिला शिस्त लावली, तक्ते केले आणि नाव दिलं: मद्रास पद्धत.

१७९७ मध्ये लंडनहून त्यानं या प्रयोगावर छोटं पुस्तक काढलं. ब्रिटनमध्ये तेव्हा कारखाने वाढत होते, शहरं गरिबांच्या मुलांनी भरत होती आणि त्यांना शिकवायला कुणाला फारसा खर्च करायचा नव्हता. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं शिकतात म्हटल्यावर ही पद्धत वाऱ्यासारखी पसरली. जोसेफ लँकेस्टर नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शिक्षकानं अशीच पद्धत लंडनमध्ये चालवली आणि मग दोघांत 'आधी मी की आधी तू' असं जन्मभराचं भांडण जुंपलं. यात गंमत अशी की १८२२ मध्ये मुंबईत मराठी-गुजराती शाळा आणि पाठ्यपुस्तकांसाठी जी मंडळी स्थापन झाली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जिचे अध्यक्ष आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे जिचे देशी चिटणीस, तिनं शाळा सुधारायला लँकेस्टरच्याच पद्धतीची शिफारस केली. म्हणजे जे आपल्या ओट्यावर बसलेलं होतं ते बोटीनं लंडनला जाऊन, इस्त्री करून, इंग्रजी नाव लावून परत आलं. एल्फिन्स्टनसाहेबही मूळचे स्कॉटिशच, हा आणखी एक योगायोग.

बेल १८३२ मध्ये वारला. मरण्यापूर्वी त्यानं १,२०,००० पौंडांचे सरकारी रोखे विश्वस्तांच्या हवाली केले होते. आज ऐकायला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हा ती अफाट संपत्ती होती. एडिंबरा, ग्लासगो, ॲबरडीन अशा गावांना शाळांसाठी वाटे गेले. मोठा वाटा जन्मगावाला. अट एकच: शाळा मद्रास पद्धतीनं चालली पाहिजे. १८३३ मध्ये साउथ स्ट्रीटवर, सोळाव्या शतकातल्या एका मठाच्या पडक्या भिंतीमागे, शाळा सुरू झाली. इमारत विल्यम बर्न या नामांकित वास्तुविशारदाची. पद्धत काही दशकांतच मोडीत निघाली, कारण आठ वर्षांचं पोर बाराखडी शिकवू शकतं, भूमिती नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्या क्यूपर गावातही बेलच्या पैशातून 'मद्रास अकॅडमी' निघाली होती. तिचं आजचं नाव बेल बॅक्स्टर हायस्कूल. नाहीतर फाइफमध्ये दोन-दोन मद्रास झाली असती आणि मावशीला झीट आली असती.

पाटीवरच्या नावावर जाऊ नका

आता दुसरा प्रश्न. कॉलेज की शाळा? शाळा. मुलं साधारण बाराव्या वर्षी येतात आणि सोळा ते अठराच्या दरम्यान बाहेर पडतात. स्कॉटलंडमध्ये शाळेच्या नावात 'हायस्कूल', 'अकॅडमी', 'ग्रामर स्कूल' किंवा 'कॉलेज' काहीही असू शकतं आणि आतला कारभार तोच असतो. इंग्लंडमध्ये 'अकॅडमी' म्हणजे नगरपालिकेच्या कक्षेबाहेर गेलेली सरकारी शाळा आणि 'ग्रामर' म्हणजे परीक्षा घेऊन निवडणारी शाळा. स्कॉटलंडमध्ये तसलं काही नाही. ही नावं म्हणजे जुन्या काळाचा उरलेला रंग. 'पब्लिक स्कूल' या शब्दाची तर कमाल आहे. इंग्लंडात तो भरमसाट फीवाल्या खासगी शाळेसाठी वापरतात. स्कॉटलंडच्या खेड्यात जुन्या दगडी इमारतीवर 'पब्लिक स्कूल' कोरलेलं दिसलं तर समजायचं, ही १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर बांधलेली, शब्दशः सार्वजनिक शाळा. त्या कायद्यानं ५ ते १३ वयाच्या सगळ्या मुलांना शिक्षण सक्तीचं केलं.

शाळा चालवते नगरपालिकेच्या जवळपास जाणारी एक संस्था, तिला तिथं 'काउन्सिल' म्हणतात. पूर्ण स्कॉटलंडमध्ये अशा ३२. शिक्षकांची नेमणूक, इमारत, बस, जेवण हे सगळं काउन्सिलचं. अभ्यासक्रमाची चौकट आणि परीक्षा देशपातळीवर. लंडनच्या सरकारचा यात हात नाही. स्कॉटलंडचं शिक्षण इंग्लंडशी झालेल्या १७०७ च्या एकीकरणानंतरही वेगळंच राहिलं आणि १९९९ पासून ते एडिंबराच्या संसदेच्या अखत्यारीत आहे. म्हणून 'यूकेची शिक्षणपद्धत' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या यूकेची?

एक गमतीची गोष्ट जाता जाता. फाइफमध्ये सेंट अँड्र्यूज याच नावाची एक कॅथलिक माध्यमिक शाळाही आहे. पण ती सेंट अँड्र्यूज गावात नाही, कर्कॉल्डीला आहे. म्हणजे सेंट अँड्र्यूजमध्ये मद्रास आणि सेंट अँड्र्यूज कर्कॉल्डीत. कॅथलिक शाळाही सरकारीच. १९१८ च्या कायद्यानं त्या सरकारी व्यवस्थेत आल्या.

पत्ता हाच प्रवेश

"प्रवेशाला काय द्यावं लागलं?" मावशीनं आवाज खाली आणून विचारलं.

काही नाही. अर्जाची रांग नाही, मुलाखत नाही, देणगी नाही, फी नाही. काउन्सिलच्या नकाशावर प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं. त्या हद्दीला 'कॅचमेंट' म्हणतात. हा शब्द मुळात पाण्याचा: पाणलोट. डोंगरावर पडलेला थेंब कुठल्या ओढ्याला जाणार हे जसं उतारानं ठरतं, तसं पोरगं कुठल्या शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यानं ठरतं. प्राथमिक शाळेची हद्द छोटी. अशा अनेक शाळांचे ओढे मिळून एक माध्यमिक शाळा भरते. मद्रासला येणारे ओढे म्हणजे खुद्द सेंट अँड्र्यूज आणि भोवतालची गार्डब्रिज, लूकर्स, बालमुलो, स्ट्रॅथकिनेस, शिवाय उत्तरेला टे नदीच्या काठची टेपोर्ट, न्यूपोर्ट, वर्मिट ही गावं. सगळी मिळून साधारण चौदाशे मुलं.

या गावांकडे जरा जवळून बघा. गार्डब्रिजला कागदाची गिरणी होती, ती २००८ मध्ये बंद पडली. आता त्या जागेवर विद्यापीठाचा परिसर आहे. माझी बहीण तिथंच नोकरी करते. लूकर्सला हवाई दलाचा तळ होता, २०१५ पासून तिथं सैन्य आहे. फौजी बापाची बदली झाली की पोरगं मधूनच येतं, मधूनच जातं. भोवती बटाटा-बार्लीची शेतं. सेंट अँड्र्यूजमध्ये प्राध्यापक, हॉटेलवाले, गोल्फच्या मैदानावर राबणारे. या सगळ्यांची मुलं एकाच वर्गात. पूर्वी तसं नव्हतं. १९६० च्या दशकापर्यंत बाराव्या वर्षी एक परीक्षा व्हायची आणि तिच्यावरून ठरायचं की पोरगं पाच वर्षांच्या 'सीनियर' शाळेत जाऊन विद्यापीठाची वाट धरणार की तीन वर्षांच्या 'ज्युनियर' शाळेतून बाहेर पडून कामाला लागणार. १९६५ मध्ये सरकारनं परिपत्रक काढून ही चाळणी बंद करायला लावली. तेव्हापासून गावची शाळा म्हणजे गावातल्या सगळ्यांची शाळा. छोट्या गावांत हा बदल तुलनेनं सहज झाला, कारण वेगळी करायला तिथं दुसरी शाळाच नव्हती!

आता न्यूपोर्टची गोष्ट, कारण हद्द म्हणजे काय ते तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. न्यूपोर्टच्या घरातून खिडकी उघडली की समोर टे नदीचं रुंद पात्र आणि पलीकडे डंडी शहर. रात्री त्याचे दिवे पाण्यात दिसतात. १९६६ पासून रस्त्याचा पूल आहे, गाडीनं पाच-सात मिनिटांत पलीकडे. सकाळी मात्र शाळेची बस डंडीकडे पाठ फिरवते आणि सतरा-अठरा किलोमीटर दक्षिणेला, शेतं तुडवत, सेंट अँड्र्यूजला जाते. का? डंडी ही वेगळी काउन्सिल. नदीच्या मधोमध जी प्रशासकीय रेघ आहे ती पाण्यात दिसत नाही, पण बसच्या मार्गात दिसते.

रेघ मोडता येते का? येते. १९८१ च्या कायद्यानं पालकांना 'प्लेसिंग रिक्वेस्ट' करण्याचा हक्क दिला: आमच्या मुलाला हद्दीबाहेरच्या अमुक शाळेत घ्या. ऑगस्टच्या प्रवेशासाठी १५ मार्चपर्यंत मागणी केली तर ३० एप्रिलच्या आत उत्तर द्यावंच लागतं. शाळा भरलेली असेल किंवा त्या एका मुलामुळे जादा शिक्षक नेमावा लागणार असेल, तर काउन्सिल नकार देऊ शकते. त्यावर अपील आहे, पुढे कोर्टही आहे. पण एक मेख आहे. हद्दीतल्या शाळेत जायचं असेल आणि घर लांब असेल तर बस फुकट. कायद्यानं आठ वर्षांपुढच्या मुलाला तीन मैलांपलीकडून आणण्या-नेण्याची सोय काउन्सिलनं करायची. स्वतः शाळा निवडलीत तर येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा. मोठ्या शहरात हे जमतं. न्यूपोर्टसारख्या गावात दोघं नोकरी करणारे आईबाप काय करतील? २०२२ पासून बावीस वर्षांखालच्या सगळ्यांना स्कॉटलंडभर बसप्रवास मोफत झाला, त्यानं हा काच थोडा सैल झाला खरा.

पत्त्यानं प्रवेश म्हटल्यावर आपल्याला ते फार न्याय्य वाटतं. मलाही वाटलं होतं. पण फी शाळेत घेतली नाही म्हणजे ती नाहीशी होत नाही. घराच्या किमतीत जाऊन बसते. सेंट अँड्र्यूजमध्ये घरं इतकी महाग आहेत की शाळेत शिकवणारा तरुण शिक्षकही गावात घर घेईलच असं नाही. या शाळेच्या बाबतीत खेड्यांचा आधार आहे: गार्डब्रिजच्या भाड्याच्या घरातला पोरगाही त्याच बाकावर. म्हणून हद्द मोठी असणं, तिच्यात खेडी असणं, ही माझ्या मते नुसती प्रशासनाची सोय नाही. ज्यांना ते नको असतं त्यांच्यासाठी गावात १८७७ पासून सेंट लेनर्ड्स ही खासगी शाळा आहेच.

कितवीत आहे मग पोरगं?

बहिणीनं सांगितलं, "एस-वन." मावशी म्हणाली, "ते शर्टाचं माप झालं. इयत्ता सांग."

प्राथमिक सात वर्षं, पी-वन ते पी-सेव्हन. मग माध्यमिक सहा वर्षं, एस-वन ते एस-सिक्स. भाचा एस-वन, म्हणजे वयानं आपल्या सातवीच्या आसपास. पण इथून पुढे इयत्तांची तुलना फार ताणू नये, कारण गाडीचे रूळच वेगळे आहेत. पहिली तीन वर्षं सगळ्यांना सगळं: भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, संगीत, सुतारकाम, स्वयंपाक. हो, स्वयंपाक मुलग्यांनाही. भाच्यानं शाळेत मसूरचं सूप करून आजीला फोटो पाठवला होता; आजीचा शेरा, "फोडणी नाही दिसत."

एस-फोरपासून परीक्षांचा खेळ. तिथं मूल सहा-सात विषय निवडतं आणि वर्षाअखेर 'नॅशनल फाइव्ह' ही परीक्षा देतं. पुढच्या वर्षी, एस-फाइव्हला, चार-पाच विषय आणि परीक्षा 'हायर'. ही स्कॉटलंडची खरी कसोटी. १८८८ पासून या ना त्या रूपात चालू आहे आणि विद्यापीठं प्रवेशाला मुख्यतः हीच बघतात. एस-सिक्सला हवं तर आणखी हायर, नाहीतर त्याहून अवघड 'ॲडव्हान्स्ड हायर'. इंग्लंडातलं मूल शेवटची दोन वर्षं तीनच विषयांत घालवतं. स्कॉटिश मूल सतराव्या वर्षी इंग्रजी, गणित, रसायन, इतिहास आणि संगीत अशी मिसळ घेऊन उभं असतं. त्याचा दुसरा भाग म्हणजे स्कॉटलंडची पदवी चार वर्षांची असते. रुंदी शाळेत, खोली विद्यापीठात. आणि स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या, निवासाच्या अटीत बसणाऱ्या मुलांची पहिल्या पदवीची फी सरकार भरतं.

शिवाय सगळ्यांना शिडीच्या टोकापर्यंत जायलाच हवं असं नाही. सोळा पुरी झाली की शाळा सोडता येते. नॅशनल फाइव्ह घेऊन सुतारकाम किंवा इलेक्ट्रिकच्या कामाची उमेदवारी धरणारा 'नापास' म्हणून बाहेर पडत नाही. तिथं 'दहावी पास' असा एकच शिक्का नसतो, विषयागणिक प्रमाणपत्र. तीन विषयांत चांगली श्रेणी आणि एकात काहीच नाही, असंही चालतं. मावशीला हे सगळ्यात आवडलं. तिच्या तीस वर्षांत एका गणितापायी घरी बसलेल्या मुली तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या.

वर्षाचं कॅलेंडरही मजेशीर. परीक्षा मेच्या अखेरीला आटोपतात आणि नवं वेळापत्रक सुट्टीनंतर नाही, जूनमध्येच लागू होतं. मूल उन्हाळ्याच्या सुट्टीला जातं तेव्हा पुढच्या इयत्तेत बसून तीन-चार आठवडे झालेले असतात. आणि ऑक्टोबरच्या सुट्टीला अजूनही 'टॅटी हॉलिडेज' म्हणतात, म्हणजे बटाट्याची सुट्टी. पूर्वी पोरं त्या दिवसांत शेतात बटाटे वेचायला जायची आणि चार पैसे कमवायची. आता बटाटे यंत्र काढतं, सुट्टी राहिली.

मुलं कमी झाली तर?

मद्रास मोठी शाळा आहे, तिला ही चिंता नाही. पण डोंगराळ भागात आणि बेटांवर शंभर-दीडशे मुलांची माध्यमिक शाळा असते. तिथं एक गणित कायम चुकतं. फिजिक्सच्या हायरला तीनच मुलं बसली तर शिक्षक द्यायचा का? मग नॅशनल फाइव्ह आणि हायरची मुलं एकाच खोलीत बसवतात. शिक्षक अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. बेलच्या पद्धतीचं भूतच म्हणा. पश्चिमेच्या बेटांवर २०१६ मध्ये 'ई-स्गॉइल' सुरू झाली. स्गॉइल म्हणजे गेलिक भाषेत शाळा. शिक्षक एका बेटावर, विद्यार्थी दुसऱ्या, मध्ये पडदा. कोरोना आला तेव्हा हीच व्यवस्था सगळ्या स्कॉटलंडच्या उपयोगी पडली.

शाळा बंद करायची म्हटली तर २०१० चा एक कायदा आडवा येतो आणि चांगला येतो. ग्रामीण शाळा बंद करू नये हेच त्यात गृहीत धरलेलं आहे. बंद करायची असेल तर काउन्सिलनं आधी दुसरे पर्याय तपासायचे, पालकांना आणि मुलांनासुद्धा विचारायचं, गावावर आणि मुलांच्या प्रवासावर काय परिणाम होईल ते लिहून द्यायचं. पटसंख्या कमी, एवढं कारण सांगून कुलूप लावता येत नाही.

इमारत कुठे बांधायची

मद्रासचं दुखणं वेगळं होतं. मुलं वाढली म्हणून १९६७ मध्ये गावाच्या दुसऱ्या भागात किलरायमाँट रोडवर नवी इमारत झाली. धाकटी मुलं तिथं, मोठी साउथ स्ट्रीटवर. एक शाळा, दोन इमारती, मध्ये पाऊण तासाचा नाही तरी चांगला पायी रस्ता. दोन्हीकडे वर्ग असलेल्या शिक्षकांनी गाडीत बसून ये-जा करायची. असं पन्नासएक वर्षं चाललं.

सगळ्यांना एक इमारत हवी होती. कुठे, यावर मात्र एकमत नव्हतं. काउन्सिलनं गावाच्या दक्षिणेला पाइपलँड नावाच्या शेतजमिनीची निवड केली. ती हरित पट्ट्यात. गावातल्या एका गटानं कोर्ट गाठलं आणि २०१६ मध्ये एडिंबराच्या वरिष्ठ न्यायालयानं परवानगी रद्द केली. तिकडे नदीकाठच्या गावांतले पालक वेगळाच सूर लावून होते: आमची एवढी पोरं रोज इतक्या लांब का न्यायची, आमच्याकडेच एक वेगळी शाळा बांधा. त्यावर उलट बाजूचं म्हणणं असं की शाळा तोडली तर दोन्ही छोट्या होतील, विषय कमी पडतील, आणि सेंट अँड्र्यूजची शाळा फक्त सेंट अँड्र्यूजवाल्यांची उरेल. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून तर वाद इतकी वर्षं चालला.

शेवटी विद्यापीठाशी जमिनीची अदलाबदल झाली. गावाच्या पश्चिम टोकाला लँगलँड्सची जागा शाळेला, साउथ स्ट्रीटची जुनी इमारत विद्यापीठाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सगळी शाळा एका छताखाली आली. बेलच्या पैशातून उभी राहिलेली, मठाच्या पडक्या भिंतीमागची इमारत आता पर्यटक बाहेरून बघतात. नव्या जागेची एक उणीव मुलं सांगतात: पूर्वी मधल्या सुट्टीत बाहेर पडलं की साउथ स्ट्रीटवरच्या बेकऱ्या होत्या, गरम सॉसेज रोल होता. आता गाव लांब पडलं.

पण गार्डब्रिजचा रस्ता गावात शिरतो तोच पश्चिमेकडून. इतकी वर्षं खेड्यांकडची बस गाव ओलांडून शाळेला जायची; आता शाळा आधी लागते, गाव नंतर. "बाकीचे गावातले चालत येतात, पावसात भिजून," भाचा आजीला सांगत होता. "आम्ही लांबून येतो आणि त्यांच्या आधी पोचतो." आजीनं विचारलं, मग तेवढ्या वेळात अभ्यास करतोस का? त्यावर कॉल तुटला. तिकडे रेंजचा प्रश्न असतो म्हणे.